तिलाच नकोय म्हणे

कॉलेजात मला सगळे भोंगा म्हणायचे. नाव कुणी ठेवलं ते आठवत नाही, पण ठेवणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. मी जिन्याखाली उभी राहून हाक मारली की तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांतून माना बाहेर यायच्या. घरीही तीच गत. बाबा लोकांना मोटार चालवायला शिकवतात. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून शांतपणे "क्लच... अहो, क्लच..." करणारे बाबा घरी आले की कानांवर हात ठेवून म्हणायचे, "पोरी, मी शेजारीच बसलोय."

या आवाजाच्या जोरावर तिसऱ्या वर्षाला मी नाट्यमंडळाची सेक्रेटरी झाले. पुढे जे केलं तेही याच आवाजानं केलं. फक्त त्या वेळी तो मी मुद्दाम खाली आणला होता.

आमच्याकडे वर्ग सुरू झाले की दुसऱ्या आठवड्यात सभासद नोंदणी असायची. मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडायची. प्रत्येक मंडळाला एक टेबल, दोन खुर्च्या आणि सह्यांसाठी आखलेला एक कागद. नियम सरळ होता. तीन वाजेपर्यंत निदान पंधरा नव्या सह्या झाल्या तर मंडळ वर्षभर चालू आणि खोली तुमची. चौदा झाल्या तर टाळं. विद्यार्थी विभागातल्या बाई ठीक तीनला कागद गोळा करायला यायच्या, आणि त्यांच्यापुढे गयावया करून आजवर कुणाचं भलं झालेलं नव्हतं.

आमच्या मंडळाची त्या वर्षी पार वाट लागली होती. आदल्या वर्षीच्या नाटकात शेवटच्या अंकात भिंत पडली. रंगवलेली होती, पण पडली ती नायकाच्या अंगावर. नायक तेव्हा मेलेला होता. मेलेल्या माणसानं गप्प पडून राहायचं असतं, तो "अगं आई गं!" म्हणून उठून बसला. त्यानंतर महिनाभर कॉलेजात कुणीही कुणाला धक्का लागला की "अगं आई गं" म्हणत होतं. जुने सभासद एकेक करून गळाले. उरलो आम्ही सहा जण.

नोंदणीच्या दिवशी आमच्या शेजारचं टेबल वाचन मंडळाचं होतं. नाव ऐकून वाटेल की तिथे कादंबऱ्यांवर गप्पा मारत असतील. तसं नव्हतं. ज्यांना दिसत नाही अशा विद्यार्थ्यांसाठी ही मुलं अभ्यासाची पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करायची. मंडळ चालवणारा आमच्याच वर्षाचा. त्याला सगळे काका म्हणायचे, कारण विसाव्या वर्षीच तो स्वेटर, छत्री आणि डब्याची पिशवी घेऊन हिंडायचा आणि जिना चढताना कठड्याला धरायचा. माणसं गोळा करायची काकाची पद्धत म्हणजे टेबलामागे बसून पुस्तक वाचणं. कुणी समोर येऊन उभं राहिलं तर तो परिच्छेद संपेपर्यंत मान वर करायचा नाही.

आणि तरी एक वाजता त्याच्या कागदावर तेरा सह्या होत्या. कुण्या प्राध्यापकांनी वर्गात दोन शब्द सांगितले होते म्हणे. सकाळपासून ओरडून माझा घसा बसायला आला होता, आणि माझ्याकडे होत्या अकरा.

दोनच्या सुमाराला पहिल्या वर्षाच्या चार मुली काकाच्या टेबलापाशी आल्या. चौघी एकमेकींना चिकटूनच चालत होत्या. एक बसली तर चौघी बसणार, हे लांबूनच कळत होतं. त्यांतल्या उंच मुलीनं मैत्रिणींना फलकावरचा मजकूर वाचून दाखवला. काय आवाज होता! कुठेही जोर न लावता हॉलच्या गोंगाटातून स्वच्छ वेगळा ऐकू येणारा. असा आवाज मंडळाला दहा वर्षांतून एकदा मिळतो. तिनं पेन उचललं. काका पुस्तकात होता.

मी टेबलाला वळसा घालून गेले आणि तिच्या कानाशी म्हणाले, "इथे कशाला सही करताय? हे मंडळ बंद होतंय यंदा."

"बंद? का?"

खरं म्हणजे इथपर्यंतच बोलायचं असं मी मनात ठरवलं होतं. पण तिनं "का" विचारलं, आणि जीभ पुढे धावली. "आता सगळं मशीनच वाचतं ना. ज्या मुलीसाठी हे चालतं, तिनंच सांगितलंय की आता नकोय म्हणून. लोक उगीच दया दाखवायला येतात, तिला ते आवडत नाही."

त्या मुलीला मी आयुष्यात कधी भेटले नव्हते. दुसऱ्या वर्षाला एक अंध मुलगी आहे, एवढंच ऐकून माहीत होतं.

उंच मुलगी ओशाळली. आपण दया दाखवायला निघालो होतो की काय, असं तिला वाटलं असणार. पेन तिनं हळूच खाली ठेवलं. पाच मिनिटांत चौघींच्या सह्या माझ्या कागदावर होत्या. पंधरा. मी आमच्या पोरांकडे बघून अंगठा वर केला.

एवढ्यावर भागलं नाही. बोललेलं हॉलभर फिरलं. अडीचच्या सुमाराला दोन मुलं काकाकडे आली आणि खाली बघत म्हणाली, "आमची नावं काढता का? त्या मुलीलाच नकोय म्हणे." काकानं का, कोण, कुठे, काही विचारलं नाही. खिशातून लहान पट्टी काढली, कागदावर ठेवली आणि दोन्ही नावांवर सरळ रेघा मारल्या. बाईंनी तीन वाजता कागद उचलला तेव्हा त्यावर अकरा नावं होती.

आठवड्यानं सूचना लागली. वाचन मंडळ अपुऱ्या प्रतिसादामुळे बंद. दुसऱ्या मजल्यावरची त्यांची खोली नाट्यमंडळाला तालमीसाठी.

आमची पोरं नाचायची बाकी होती. त्या खोलीच्या भिंतींना जाड सतरंज्या ठोकलेल्या होत्या, खिडकीला दुहेरी काच होती. कितीही ओरडा, बाहेर चकार शब्द जाणार नाही. किल्ली घेऊन मी एकटीच आधी वर गेले, सामान कुठे लावायचं ते बघायला. टेबलावर माईकची मोकळी दांडी होती, खुर्चीवर उशी होती. दाराच्या मागे काकाच्या हातची यादी चिकटवलेली होती. पुस्तकाचं नाव, प्रकरण, कोण वाचणार, झालं की नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकासमोर लिहिलं होतं : "सात ते सोळा बाकी. परीक्षेआधी. नवीन सभासद आले की वाटून देणे."

मी यादी काढली नाही. तिच्यावर आमच्या तालमीचं वेळापत्रक लावलं. कोपरे नीट दाबले, म्हणजे खालचं काही दिसायला नको.

चारच दिवसांनी ती आली. दार उघडंच होतं, मी एकटी खुर्च्या पुसत होते. आधी काठीचा आवाज आला, मग ती चौकटीला हात लावून उभी राहिली. ठेंगणी, केस अगदी बारीक कापलेले, खांद्याला जड पिशवी.

"नाट्यमंडळ ना हे? कोण आहे आत?"

"मी. सेक्रेटरी."

"बरं. एक चौकशी करायची होती. मला दिसत नाही, ते कळलंच असेल. माझ्यासाठी इथे एक मंडळ चालायचं. ते मीच नको म्हणाले म्हणून बंद झालं, असं मला चौघांनी सांगितलं. मी कधी नको म्हणाले, कुणाला म्हणाले, हे शोधत हिंडतेय. बुद्धिबळवाल्यांकडे जाऊन आले, गाण्याच्या मंडळात जाऊन आले. प्रत्येक जण म्हणतो, दुसऱ्यानं सांगितलं."

माझ्या हातात फडकं तसंच राहिलं. आता ही माझा आवाज ओळखणार, असं उगीचच वाटलं. ती तर त्या दिवशी हॉलमध्ये नव्हतीच. तरी मी एवढ्या हळू बोलले की ती म्हणाली, "जरा मोठ्यानं. लोकांना वाटतं मला भिंतीपलीकडचंसुद्धा ऐकू येतं. उलट डाव्या कानानं कमीच येतं मला."

"मला काही माहीत नाही," मी मोठ्यानं म्हणाले.

ती मान हलवून वळली. आणि मग, माझं मलाच कळायच्या आत, मी म्हणाले, "तुला वाचायला कुणी हवं असेल तर मी येईन."

"तू? का?"

"आवाज मोठा आहे माझा."

ती हसली. पहिल्यांदाच. "चल, दोन्ही कानांची सोय झाली."

तेव्हापासून आठवड्यातले तीन दिवस, तास संपले की, आम्ही ग्रंथालयाच्या मागच्या व्हरांड्यात बसायचो. मला वाटलं होतं वाचणं म्हणजे वाचणं. पहिल्याच दिवशी तिनं मला पाच वेळा थांबवलं. "अगं, मागणी आणि पुरवठा आहे. कुणी मेलेलं नाही. रडवेली का होतेस?" मग मी सरळ वाचायला लागले तर म्हणाली, "आता बातम्या देतेयस." तिचा कॉम्प्युटर पुस्तकं वाचायचा, पण तक्ता आला की आकडे एका दमात ओकायचा आणि आलेख आला की मुकाट बसायचा. सरांच्या हस्ताक्षरातल्या नोट्सच्या झेरॉक्सपुढे तर त्यानं हात टेकलेले होते. मी आलेख सांगायला शिकले. रेघ कुठून निघते, कुठे वाकते, दुसरीला कुठे कापते. तिच्या तळहातावर बोटानं काढून दाखवायचे. ती डोळे मिटायची. का, असं एकदा विचारलं तर म्हणाली, "सवय. लोक विचार करताना मिटतात ना, तसंच."

ती मला आवडायला लागली, हेच वाईट झालं. तिला एक मोठा भाऊ होता, तो दूर नोकरीला. आई शाळेत शिपाई. ती घरातल्या गोष्टी सांगायची, शिक्षकांच्या नकला करायची, त्याही त्यांच्या चालण्याच्या आवाजावरून. आणि मला कुणाला भेटवताना हटकून सांगायची, "सगळं मंडळ पळालं, ही एकटी आली." मी म्हणायचे, "जाऊ दे गं." लोकांना तो विनय वाटायचा.

घरीही तेच. आई औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करते. मी एकदा तिला आणायला गेले तर ती गिऱ्हाइकाला खोकल्याची बाटली देता देता सांगत होती, "ही माझी मुलगी. दिसत नाही अशा मुलीला वाचून दाखवते. कुणी सांगितलं नाही हो, आपणहून." ते म्हातारे गृहस्थ माझ्याकडे कौतुकानं बघत राहिले. मला त्या दुकानात तोंड लपवायला जागा सापडेना.

दोन महिने असेच गेले. आम्ही बाराव्या प्रकरणापर्यंत आलो होतो. पंधरा जणांत वाटून जे झालं असतं, ते एकीच्या तोंडानं होत नव्हतं. मी कितीही ताणलं तरी सगळं पुरं होणार नाही, हे मला दिसत होतं. तिला तर केव्हाच कळलं होतं. ती काही बोलत नव्हती, एवढंच.

मग एके दिवशी तालीम संपल्यावर ती उंच मुलगी, जिला मी पळवून आणलं होतं, माझ्यापाशी रेंगाळली. नाटकात तिच्या वाट्याला दोन वाक्यं आली होती. जुन्यांना नाराज करायचं नाही म्हणून आम्ही तिला दारात उभं केलं होतं.

"ताई, एक विचारू? तुम्ही आता त्या दुसऱ्या वर्षाच्या ताईंना वाचून दाखवता ना? मग त्यांना नको होतं ते कसं?"

"म्हणजे?"

"तुम्ही म्हणाला होतात. नोंदणीच्या दिवशी. त्यांनीच नको सांगितलंय म्हणून." तिच्या चेहऱ्यावर संशय अजिबात नव्हता. तिला खरंच कोडं पडलं होतं. "मी आणखी दोन-तिघांना तसं सांगितलं तेव्हा. म्हणून विचारलं."

मी काहीतरी थातुरमातुर सांगून तिला वाटेला लावलं आणि तशीच काकाला शोधायला निघाले. तो कॅन्टीनच्या पायरीवर डबा खात बसला होता.

"काका, वाचन मंडळ बंद का पडलं, तुला माहीत आहे?"

त्यानं घास संपवला. "तुझ्यामुळे."

मी खालीच बसले.

"तुझं टेबल माझ्यापासून चार हातांवर होतं," तो म्हणाला. "तू कुजबुजलीस तरी ते लोकांच्या बोलण्याएवढं असतं. मी सगळं ऐकलं."

"मग बोलला का नाहीस? तिथल्या तिथे मला उघडं पाडायचंस!"

तो बराच वेळ डब्याचं झाकण लावत बसला. झाकण नीट बसलेलं होतं. "दोन वर्षं मी वाचत होतो, भोंगे, आधी दुसऱ्या एकासाठी, मग हिच्यासाठी. रोज. सुट्टीतसुद्धा. घसा दुखायचा. तू बोललीस तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, बरं झालं. मीही सुटलो. मग ती दोघं नावं काढायला आली, आणि मी पट्टी काढली." त्यानं माझ्याकडे बघितलं. "मी तिला काही सांगितलेलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार? तू वाचायला लागलीस तेव्हा वाटलं, तू सांगशील. मी वाट बघत होतो."

मला वाटलं होतं की दुसराही दोषी निघाला की आपलं ओझं कमी होत असेल. तसं काही झालं नाही.

परीक्षेला तीन आठवडे राहिले होते. आता सांगितलं आणि तिनं मला हाकलून दिलं, तर वाचणार कोण? परीक्षा झाल्यावर सांगावं, तिच्यासाठी तेच बरं. हा विचार मला इतका पटला की मला त्याची भीती वाटली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाबांकडे गेले. ते शिकाऊ लोकांना घेऊन जातात त्या मैदानात, दोन पिंपांच्या मध्ये गाडी लावून, डबा खात होते. मी शेजारच्या सीटवर बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगून टाकलं. मी बोलत असताना बाबांचा पाय दोनदा ब्रेकवर गेला. गाडी बंद होती.

"परीक्षा होईपर्यंत थांबते," मी शेवटी म्हणाले. "तिचं नुकसान नको."

बाबा काचेतून समोर बघत राहिले. ते कधी ओरडत नाहीत. "तिचं नुकसान तिला ठरवू दे की. एकदा तिच्या वतीनं तू बोललीसच. आता परत बोलतेयस."

मला रडू आलं. त्यांनी रुमाल दिला नाही, डोक्यावर हात ठेवला नाही. डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, "उतर. माझी अडीचची बाई येईल."

संध्याकाळी पाचला व्हरांड्यात ती आधीच येऊन बसली होती. तेरावं प्रकरण काढून ठेवलं होतं. मी उभ्यानंच सांगितलं. बसले असते तर पुन्हा वाचायलाच लागले असते.

ती ऐकत होती. चेहरा माझ्याकडे नव्हता, अंगणाकडे होता.

"नक्की काय म्हणालीस? शब्द सांग."

"म्हणाले, तिनंच सांगितलंय आता नकोय म्हणून."

"पुढे?"

"लोक दया दाखवायला येतात, तिला ते आवडत नाही."

"तसं नाही. जसं म्हणालीस तसं म्हण. त्याच आवाजात."

मी रडत होते. "मला नाही जमणार."

"तुला जमतं. नाटकवाली आहेस."

मी आवाज खाली आणला आणि म्हणाले. जसंच्या तसं. तिनं दोन्ही हात पुस्तकावर ठेवले.

"छान बोलतेस," ती म्हणाली. "मीसुद्धा विश्वास ठेवला असता." मग, "दोन महिने मी सगळ्यांना सांगत फिरले, ही एकटी आली म्हणून. तुला मजा वाटत असेल."

"नाही गं. मला..."

"तुला काय वाटत होतं ते मला नकोय." तिनं पुस्तक माझ्या दिशेला सरकवलं. "चार प्रकरणं राहिलीत. ती वाचून पुरी करायची. रोज यायचं. मध्ये एक शब्द बोलायचा नाही, माफी नाही, रडणं नाही. ती संपली की येऊ नकोस. बस. पान एकशे एकोणऐंशी."

मी बसले आणि वाचलं. त्या दिवशी, आणि पुढचे सतरा दिवस. आलेख आला की ती हात पुढे करायची नाही. म्हणायची, "तोंडानं सांग." शेवटच्या दिवशी सोळावं प्रकरण संपलं. तिनं रेकॉर्डर बंद केला, पिशवी उचलली आणि काठी उघडली. मी काही बोलले नाही. तीच अट होती.

परीक्षा झाल्यावर मी विद्यार्थी विभागात गेले. बंद पडलेलं मंडळ दुसऱ्या सत्रात पुन्हा सुरू करायचं तर अर्ज करायचा आणि पंचवीस सह्या आणायच्या, असा नियम निघाला. अर्जात एक रकाना होता : मंडळ बंद पडण्याचं कारण. मी त्यात खरं लिहिलं. तीन ओळी झाल्या. बाईंनी चष्मा खाली करून ते वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"हे असं लिहून चालत नाही," त्या म्हणाल्या. "हे कारण यादीत नाही." आणि माझ्यासमोर लाल पेनानं तिन्ही ओळी खोडून वर लिहिलं, "अपुरा प्रतिसाद." मी म्हणाले, अहो पण ते खोटं आहे. त्या म्हणाल्या, "सह्या आणा."

सह्या गोळा करायला मी पहिल्या वर्षाच्या सातही वर्गांत गेले. पहिल्या वर्गात फळ्यासमोर उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला आवाज फुटेना. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "भोंगा बंद पडला." सगळे हसले. मग मी बोलले. वाचन मंडळ नको असं त्या मुलीनं कधीच म्हटलं नव्हतं, ते मी बनवून सांगितलं, माझ्या मंडळाच्या सह्या भरायला. काही जण हसले, काहींनी खाली बघितलं. एका मुलीनं विचारलं, "मग आता तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?" मी कागद पहिल्या बाकावर ठेवला आणि बाहेर जाऊन उभी राहिले.

नाट्यमंडळातल्या पोरांनी मला उभं-आडवं फाडलं. आता खोली जाणार, तुझ्या पापक्षालनापायी आमचं नाटक का, असं म्हणाले. त्यांचंही खरं होतं. मी सेक्रेटरीपद सोडलं. ती उंच मुलगी माझ्याशी बोलायची बंद झाली. पण कागद परत आला तेव्हा पहिली सही तिची होती, आणि खाली तिच्या तिन्ही मैत्रिणींची. सातव्या वर्गापर्यंत एकतीस सह्या झाल्या. काकानं खोलीची किल्ली घेतली. आमचं वेळापत्रक उपटलं तेव्हा खालची यादीही त्याच्याबरोबर फाटून आली. त्यानं नवी लिहिली, पण मला वाचक म्हणून घेताना त्यानं माझं नाव तिच्या पुस्तकांसमोर लिहिलं नाही. त्या वर्षी कायद्याच्या वर्गात एक अंध मुलगा नवीन आला होता, त्याच्यासाठी मी वाचू लागले. वर्ष संपेपर्यंत वाचलं.

तिचा निकाल मला काकाकडून कळला. पास झाली. बाकी सगळीकडे उत्तम. अर्थशास्त्रात पहिल्या वर्गाला सहा गुण कमी. सुरुवातीला वाया गेलेल्या त्या आठवड्यांमुळे, की पेपरच अवघड होता म्हणून, हे मला कधीच कळणार नाही. मी ते सहा गुण वेगवेगळ्या तऱ्हेनं वाटून बघते. कधी सगळे माझ्या नावावर जातात, कधी चार.

कॉलेजचा शेवटचा महिना होता. मी दुसऱ्या मजल्याच्या लांब पॅसेजमधून येत होते आणि ती समोरून. मध्ये कुणी नव्हतं. मी सपाट चपला घातल्या होत्या. भिंतीला लागून श्वास रोखून उभी राहिले असते तर ती पुढे निघून गेली असती, आणि हे मला आधी सुचलं, बाकी सगळं नंतर. मी थांबले. ती जवळ आली तशी म्हणाले, "मी आहे."

काठी थांबली. "कोण ते कळलं," ती म्हणाली.

पुढे काय बोलायचं ते मी ठरवलेलं नव्हतं. मग तिनं काठी उजवीकडे घेतली, मला वळसा घातला आणि जिन्याकडे गेली. पायऱ्या उतरल्याचा आवाज संपेपर्यंत मी तिथेच उभी होते.